कुलूपबाईंची बढती

वकिलांच्या फर्ममध्ये त्यांना कुलूपबाई म्हणत. तोंडावर नाही, पण इतक्या मोठ्याने की तोंडावर म्हटल्यासारखंच. कारण काय, तर कोणी जागेवरून उठून चहाला गेलं आणि कॉम्प्युटर उघडाच राहिला, की बाई जाता जाता तो बंद करायच्या आणि वर विचारायच्या, "घराचं दारही असंच सताड टाकून येता का हो?" माणूस चहा घेऊन परत आला की पासवर्ड टाकत बसायचा आणि मनात शिव्या घालायचा.

या बाईने वकिलीची सनद घेऊन विषय निवडला तो लोकांच्या खासगी माहितीचा आणि इंटरनेटवरच्या चोऱ्यांचा. त्या काळी या विषयाला ना कोर्टात किंमत होती ना घरात. थोरला भाऊ पोट धरधरून हसला होता. "बेबी, खून धर, जमीन धर, घटस्फोट धर. लोक मरतात, भांडतात, फारकत घेतात, वकिलाचं पोट भरतं. पासवर्डसाठी कोण कोर्टाची पायरी चढणार?" हो, घरात त्या अजून बेबीच. पन्नाशीला टेकलेली बेबी.

फर्मने त्यांना झेरॉक्स मशिनच्या खोलीला लागून टेबल दिलं होतं. दिवसभर मशिनची गरम हवा अंगावर. मोठ्या करारांच्या शेवटी, सह्यांच्या पानाच्या अलीकडे, माहितीच्या सुरक्षिततेबद्दल दोन परिच्छेद असतात, ते लिहायचं काम बाईंचं. ते अशील वाचत नसे, समोरचा वकील वाचत नसे, आणि फर्मचे मालक मोठे साहेब तर फक्त एवढंच विचारत, "सही कुठे करायची?" बाई मात्र ते दर वेळी नव्याने लिहायच्या, आणि कोणी मागच्याच करारातले उचलून चिकटवले की त्याच्या टेबलाशी जाऊन त्याची बिनपाण्याने करायच्या.

मग वारं फिरलं. कंपन्यांच्या माहितीवर डल्ले पडायला लागले, सरकारने कायदा केला, दंड असे ठेवले की भल्याभल्यांची बोबडी वळली. काल ज्या विषयाला कुत्रं विचारत नव्हतं त्याला सोन्याचे दिवस आले. कायदा येऊन पुरती पाच वर्षं झाली नव्हती आणि नोकरीच्या जाहिरातींत दहा वर्षांचा अनुभव मागत होते. मागणारे तसलेच, आणि "आहे" म्हणून अर्ज करणारेही तसलेच! काल-परवापर्यंत जमिनीच्या सातपिढ्या उकरणारे वकील तीन दिवसांचा कोर्स करून 'सायबरतज्ज्ञ' झाले. बाई झेरॉक्सशेजारून उठून काचेच्या केबिनमध्ये आल्या. हाताखाली पोरं आली, जिन्याजवळ विभागाच्या नावाची पाटी लागली.

आणि दादा? दादा आता चारचौघांत सांगायचा, "मी तेव्हाच म्हटलं होतं, बेबीला लांबचं दिसतं!" ऐकून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण भाऊच तो, करता काय? त्याची मुलगी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि तिला आत्याच्याच लाइनमध्ये घालायचं म्हणून तो उठसूट फोन करायचा.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. नव्या कायद्याप्रमाणे प्रत्येक कंपनीला एक माहिती-रक्षण अधिकारी नेमावा लागतो. माहिती फुटली की सरकारी प्राधिकरणाला कळवणं हे त्याचं काम, आणि त्यासाठी त्याला कोणाचीही परवानगी लागत नाही. मालकाचीसुद्धा नाही. लहान कंपन्यांना असा माणूस पगारावर ठेवणं परवडत नाही, म्हणून त्या वकिलांच्या फर्मकडून नाव भाड्याने घेतात. फर्ममध्ये नाव द्यायला कोणी तयार नसे. उद्या काही झालं तर खापर आपल्या डोक्यावर फुटेल, ही भीती. मग मोठे साहेब म्हणायचे, "कुलूपबाईंचं टाका." कंपनी आली, टाका. दुसरी आली, टाका. बाई एका फर्मच्या वकील आणि डझनभर कंपन्यांच्या अधिकारी झाल्या. साहेबांच्या लेखी ते केवळ एक नाव होतं. त्या नावाला कायद्याने हातपाय दिलेत, हे कलम त्यांनी वाचलंच नव्हतं. सही कुठे करायची, एवढंच विचारलं असणार.

त्या आठवड्यात शुक्रवारी पार्टनरांची बैठक होती, आणि बाईंना पार्टनर करायचं त्यात ठरणार होतं. "ठरल्यातच जमा आहे," साहेब म्हणाले होते. बाईंना ती जागा हवी होती. खोटं कशाला बोलायचं, फार हवी होती. ज्यांनी झेरॉक्सच्या खोलीला लागून बसवलं त्यांच्याच शेजारी खुर्ची ओढून बसायचं, ही इच्छा त्यांनी इतकी वर्षं पोटात ठेवली होती.

सोमवारी दुपारी त्यांनी जेवायला डबा उघडला आणि फोन वाजला. फोनवरून मानसिक सल्ला देणारी एक कंपनी त्यांच्या डझनभरांतली एक. तिथल्या कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याचा फोन.

"मॅडम, एक छोटासा प्रॉब्लेम झालाय."

बाईंनी डब्याचं झाकण परत लावलं. या धंद्यात कोणी 'छोटासा' म्हणालं की जेवण गेलं म्हणून समजावं.

झालं होतं असं, की कंपनीने तिच्याकडे फोन करणाऱ्या सगळ्या लोकांच्या नोंदी इंटरनेटवर एका जागी बिनपासवर्डच्या ठेवल्या होत्या. "चाचणीपुरत्या ठेवल्या होत्या, काढायच्या राहून गेल्या," तो पोटतिडकीने सांगत होता. कोणीतरी त्या उचलल्या आणि एका वेबसाइटवर मांडल्या. नुसत्या मांडल्या नाहीत, नाव टाकलं की माणूस सापडेल अशी सोय केली. कोणाचं दारू सोडवणं चाललंय, कोणाला मूल नको होतं, कोण कोणाला घाबरून राहतंय, सगळं.

बाईंनी ती साइट उघडली. खरं आहे की नाही हे पाहायला चार-दोन नोंदी वाचणं भागच होतं. एका बाईच्या नोंदीत आधी जुना पत्ता होता. त्याखाली नवा पत्ता, इमारत, मजला, दाराचा नंबर. आणि त्याखाली सल्लागाराने प्रामाणिकपणे लिहिलेला शेरा: 'नवा पत्ता कोणालाही देऊ नये, विशेषतः नवऱ्याला.'

बाई खुर्चीतून उठल्या. टेबलावर हात इतक्या जोरात आपटला की बाहेरची पोरं वळून बघायला लागली. शेऱ्यासकट पत्ता! अरे, लाज कशाशी खातात हे लोक? हातापाया पडून एखादी बाई सांगते की मला लपवा, आणि तुम्ही तिचं लपणंही लिहून ठेवता आणि ते चव्हाट्यावर मांडून मोकळे होता! आणि अशा नोंदी एक-दोन नव्हत्या.

राग आवरून त्यांनी लोकांना पाठवायचं पत्र लिहायला घेतलं. अशा पत्रांची एक ठरलेली भाषा असते. 'आपल्या माहितीची सुरक्षितता आमच्यासाठी सर्वोच्च आहे' इथून ती सुरू होते, आणि माहिती गेली हे कळेपर्यंत वाचणाऱ्याला जांभई येते. बाईंनी ती भाषा बाजूला सारली. लिहिलं, 'तुमचं नाव, फोन, पत्ता आणि तुम्ही आम्हाला सांगितलेलं बोलणं चोरीला गेलं आहे. आम्हाला हे सोमवारी कळलं. पत्ता शोधणाऱ्याला आता तो सापडू शकतो. तुम्ही कोणापासून लपून राहत असाल तर आजच जागा सोडा आणि पोलिसांना कळवा. चूक आमची आहे.' खाली अधिकारी म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर टाकला आणि कागद घेऊन त्या साहेबांच्या खोलीत गेल्या.

मोठ्या साहेबांनी ते पत्र मात्र पुरतं वाचलं. चष्मा काढला. मग मोठ्या प्रेमाने म्हणाले, "बसा बाई."

"बसायला वेळ नाही साहेब. आज जायला हवं हे."

"ही कंपनी विकली जातेय. पुढच्या आठवड्यात सह्या आहेत. घेणारेही आपलेच अशील, विकणारेही आपलेच. आत्ता हे पत्र गेलं तर सौदा बोंबलेल. सह्या होऊ देत, मग पाठवा."

"म्हणजे वरातीमागून घोडं!"

"घोडं का होईना, पोचेल ना?" साहेब हसले. "आणि भाषा जरा सौम्य करा हो. 'काही मर्यादित माहितीशी अनधिकृत संपर्क आल्याची शक्यता नाकारता येत नाही', असं काहीतरी."

"साहेब, नवऱ्यापासून लपलेल्या बायका आहेत त्यात. दाराच्या नंबरासकट."

"बाई," साहेबांनी आवाज खाली आणला, "आपला अशील कोण? कंपनी की त्या बायका? वकिलाने हे विसरून कसं चालेल? आणि शुक्रवार आहे चार दिवसांवर. उगाच हात दाखवून अवलक्षण का करून घेता?"

त्या क्षणी बाईंना सांगता आलं असतं की साहेब, मी तुमची वकील असेन, पण या कंपनीची मी अधिकारीही आहे, आणि मला तुमची परवानगी लागत नाही. कलम पाठ होतं. जिभेवर होतं. पण बाईंनी कागदाची घडी घातली, दात-ओठ खाल्ले आणि बाहेर आल्या.

कुलूपबाई, ज्या दुसऱ्याच्या उघड्या कॉम्प्युटरवरून भांडायच्या, त्या मूग गिळून गप्प बसल्या. मंगळवारी त्यांनी साहेबांना एक मेल पाठवला, कडक शब्दांत. उत्तर आलं, 'बोलू.' बुधवारी आणखी एक पाठवला. 'नक्की बोलू.' हाताखालच्या पोरांवर त्या दोन दिवस अशा खेकसल्या की एकाने घाबरून रजा टाकली. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय! राग साहेबांचा होता, कंपनीचा होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा होता. पण मेल पाठवणं म्हणजे काही करणं नव्हे, हे त्यांना चांगलं कळत होतं. शुक्रवार होऊ दे, त्या मनाला सांगत होत्या. एकदा पार्टनर झाले की मग बघते एकेकाला.

गुरुवारी कायद्याच्या कॉलेजात त्यांचं भाषण होतं, महिन्याभरापूर्वी ठरलेलं. हॉलच्या दारातच विद्यार्थ्यांची हजेरी घेणारा कागद टेबलावर उघडा पडला होता, नावं, फोन नंबर, सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल असं. बाईंनी तो पालथा घातला आणि आत गेल्या. मागे भलामोठा फलक: 'गोपनीयता व सायबर कायदा, करिअरच्या अमर्याद संधी'. माइक किंचाळत होता. पहिल्या रांगेत दादाची लेक बसली होती, मैत्रिणींना कोपराने ढोसत, की ही बघा माझी आत्या.

"मॅडम, या क्षेत्रात स्कोप किती आहे?" पहिला प्रश्न आला.

"भरपूर," बाई म्हणाल्या. "गावात चोर वाढले की कुलपं विकणाऱ्याची चांदी असते. कंपन्यांना माणसं हवीत, फर्मना हवीत, प्राधिकरणाला हवीत, आणि कायदा आणि कॉम्प्युटर दोन्ही कळणारी माणसं तर शोधून सापडत नाहीत. उपाशी राहणार नाही. पुढे?"

"पॅकेज?"

"तुझ्या बापाला सांगितलंस तर तो आनंदाने रडेल इतकं. पुढे?"

हॉल हसला. बाई हसल्या नाहीत. "कोडिंग यावं लागतं का?" "लिहिता नाही आलं तरी चालेल, पण कॉम्प्युटरवाला थापा मारतोय हे कळलं पाहिजे." "मशीनच सगळं करायला लागलं तर वकिलांचं काय?" "मशीन परिच्छेद लिहील. नको तिथे नाही म्हणायला माणूसच लागेल. म्हणजे लागावा. सध्या तर माणसंही म्हणत नाहीत." शेवटचं वाक्य त्या माइकपासून तोंड वळवून म्हणाल्या, पण ऐकू गेलंच.

मग भाचीने हात वर केला. "आत्या... सॉरी, मॅडम." पुन्हा हशा. पोरगी लाल झाली, पण उभी राहिली. "समजा अधिकारी म्हणून नाव माझं आहे, माहिती फुटली, आणि ज्याच्या हाताखाली मी काम करते तो म्हणाला की गप्प बस. मग काय करायचं?"

"करायचं काय? कळवायचं!" बाई कडाडल्या. "त्याच दिवशी. त्याला विचारायचंच नाही. कायद्यात स्वच्छ लिहिलंय, यात शंका घेण्यासारखं काय..."

आणि त्या थांबल्या. समोर भाचीने पटकन, भक्तिभावाने मान डोलावली, की आत्या म्हणते म्हणजे तसंच. त्या मान डोलावण्याने बाईंना जे झालं ते साहेबांच्या धमकीने झालं नव्हतं. त्यांना स्वतःची शरम वाटली. इतकी, की माइक हातात घेऊन उभं राहवेना.

"आजच्यापुरतं एवढंच," त्या म्हणाल्या आणि मंचावरून उतरल्या. प्राचार्य पुष्पगुच्छ घेऊन मागे धावले. बाई जिन्याखालच्या बाकावर बसल्या, लॅपटॉप मांडीवर घेतला, आणि प्राधिकरणाला सगळं लिहून पाठवलं. काय फुटलं, कधी कळलं, लोकांना अजून का कळवलेलं नाही. लोकांसाठी सोमवारी लिहिलेलं पत्रही सोबत जोडलं. प्रत कंपनीच्या मालकाला. प्रत मोठ्या साहेबांना.

साहेबांचा फोन त्या गाडीपर्यंत पोचायच्या आत आला. त्या आवाजात आज प्रेम नव्हतं. "अशिलाला विकलंत तुम्ही! वकील म्हणवता स्वतःला?"

"अधिकारी म्हणून पाठवलंय. तुम्हीच नेमलंय मला. वाचा एकदा, कशावर सही केलीत ते."

"शुक्रवार विसरा आता. सोमवारी केबिन रिकामी करा."

"करते," बाई म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना भूक लागली.

प्राधिकरणाने, आश्चर्य म्हणायचं, त्याच संध्याकाळी कंपनीला हुकूम दिला की लोकांना ताबडतोब कळवा. कंपनीकडे तयार पत्र एकच होतं, बाईंचं. तेच गेलं, जसंच्या तसं. दादाला बातमी लागलीच. तो फोनवर ओरडला, "बेबी, अगं हातातोंडाशी आलेलं घालवलंस! आता माझ्या पोरीला कोण उभं करणार तुझ्या नावावर?" बाई म्हणाल्या, "दादा, तुला जमीन आवडते ना? घाल तिला जमिनीत," आणि फोन ठेवला. त्यांना वाटलं, चला, उशिरा का होईना, सुटले.

शुक्रवारी सकाळपासून फोन वाजत राहिला. एकजण रडला. एकाने कोर्टात खेचायची धमकी दिली. "खेचा," बाई म्हणाल्या, "खेचायलाच हवं," आणि कुठल्या वकिलाकडे जायचं तेही सांगितलं. एका म्हातारीने विचारलं, माझ्या सुनेला कळेल का मी काय काय बोलले ते? बाईंनी खरं ते सांगितलं. पलीकडे वरच्या मजल्यावर पार्टनरांची बैठक चालू होती. बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी एका बाईचा फोन आला. आवाज शांत होता, फार शांत.

"माझ्या बहिणीला तुमचं पत्र आलंय. तिच्या मोबाइलवर. तो सध्या माझ्याकडे आहे."

"बोला ना. त्या सुरक्षित आहेत ना?"

"ती हॉस्पिटलात आहे. आयसीयूत. तिचा नवरा मंगळवारी रात्री आला. आम्ही डोकं फोडून घेत होतो की पत्ता त्याला दिला कोणी. मी तर आमच्या आईवर संशय घेतला. दोन दिवस बोलले नाही तिच्याशी."

"मंगळवारी रात्री?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या पत्रात लिहिलंय, सोमवारी कळलं."

"हो."

"कंपनीला कळलं. तुम्हाला कधी कळलं?"

वकिलाला अशा वेळी काय बोलावं हे शिकवलेलं असतं. चौकशी चालू आहे, सध्या काही सांगता येणार नाही. बाईंनी हे वाक्य आयुष्यात शेकडो लोकांना लिहून दिलं होतं.

"सोमवारी," त्या म्हणाल्या. "दुपारी."

"मग सोमवारीच का नाही सांगितलंत? एक दिवस होता की हो मध्ये. मी जाऊन घेऊन आले असते तिला. माझं घर दोन स्टॉपवर आहे."

"मला बढती मिळणार होती," बाई म्हणाल्या. "म्हणून थांबले."

 मग ती बाई बोलायला लागली, आणि आता तो आवाज शांत नव्हता. तिने शिव्या दिल्या, घाणेरड्या, आईबापावरून, जातील तितक्या खालच्या. काचेबाहेरच्या पोरांनाही त्या ऐकू जात होत्या. त्यांतला एक आत आला आणि खुणेने विचारायला लागला, की ठेवून देऊ का फोन?

बाईंनी त्याला हाताने थांबवलं, आणि ती बाई बोलायची थांबेपर्यंत फोन कानाला धरून ठेवला.